जकूझीचे पाणी: घरी तपासावे की दुकानात?

पावसाळा सुरू झाला की लोणावळा, कर्जत, इगतपुरी, अलिबाग इथल्या भाड्याच्या बंगल्यांच्या जाहिराती मोबाइलवर येऊ लागतात. पूर्वी ‘घरगुती जेवण’ आणि ‘गाडी लावायला जागा’ एवढ्यावर भागत असे. आता स्विमिंग पूल गृहीतच धरलेला असतो आणि त्याच्याही वर ‘प्रायव्हेट जकूझी’ अशी ओळ ठळक अक्षरांत असते. (जकूझी हे खरे तर एका कंपनीचे नाव, शेतीचे पंप बनवणाऱ्या इटालियन भावांचे ते आडनाव. वनस्पती तुपाला आपण डालडा म्हणू लागलो, तसेच हे.) टबात किती माणसे बसतात, दिवे कोणत्या रंगाचे आहेत, समोर दरी दिसते की समुद्र, हे सगळे जाहिरातीत असते. त्या पाण्यात क्लोरीन किती आहे आणि तो शेवटचा कोणी, कधी मोजला, हे नसते.

अमेरिकेत आणि युरोपात असा टब अनेक घरांच्या मागच्या अंगणात असतो. करोनाच्या काळात लोक घरात अडकले तेव्हा त्याची मागणी आणखी वाढली. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही तो आला आहे. मुलाकडे किंवा मुलीकडे चार-सहा महिने राहायला गेलेले आजी-आजोबा गुडघ्यांना शेक मिळतो म्हणून संध्याकाळी त्यात बसतात. टब घेतलेल्या प्रत्येकापुढे लवकरच एक प्रश्न येतो. पाणी घरीच पट्टी बुडवून तपासायचे, की बाटलीत भरून टब विकणाऱ्या दुकानात न्यायचे? बरीच दुकाने ही तपासणी फुकट करून देतात. तिथे यंत्र असते, संगणकावरून छापील कागद मिळतो आणि रंगीत पट्टीपेक्षा छापील कागदावर माणसाचा विश्वास लवकर बसतो. त्यामुळे बाटली घेऊन दुकानात जाणारा अधिक काळजी घेणारा, असा समज होतो. हा समज अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा मात्र आजारपणाला आमंत्रण देणारा आहे.

हॉट टब म्हणजे छोटा तरण तलाव नव्हे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. २५ मीटर लांबीच्या तलावात साधारण साडेतीन लाख लिटर पाणी असते. घरगुती टबात हजार ते दीड हजार लिटर. चार माणसे बसली की माणशी तीनशे-साडेतीनशे लिटर, म्हणजे जेमतेम दीड-दोन पिंपे. त्यात चौघांचा घाम, त्वचेचे सुटलेले कण, अंगाला लावलेले तेल आणि क्रीम, साबणाचा अंश. तलावात हीच घाण जवळजवळ तीनशेपट पातळ झाली असती. शिवाय टबातले पाणी ३८ ते ४० अंशांवर ठेवलेले असते आणि त्यात जोराने हवा सोडलेली असते. घाणीशी झुंजण्यात क्लोरीन खर्ची पडतो, उरलेला उष्णतेने आणि बुडबुड्यांनी भराभर कमी होतो. दुपारी व्यवस्थित असलेले प्रमाण रात्रीच्या दोन तासांच्या गप्पांनंतर शून्याजवळ आलेले असू शकते. पाणी मात्र तेव्हाही काचेसारखे स्वच्छ दिसते.

याच तापमानाला काही जिवाणू खूश असतात. सर्वांत नेहमीचा म्हणजे स्यूडोमोनास. टबातून उठल्यावर काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत अंगावर, विशेषतः पोहण्याच्या कपड्याखाली, केसांच्या मुळाशी खाजरे लाल फोड येतात. आठ-दहा दिवसांत ते बहुधा आपोआप बरे होतात. घरातल्यांना ती घामोळी वाटतात किंवा हॉटेलच्या चादरीवर खापर फुटते. दुसरा जिवाणू एवढ्यावर थांबत नाही. त्याचे नाव लिजिओनेला. १९७६ मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फियात ‘अमेरिकन लिजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ आली, त्यावरून हे नाव पडले. २५ ते ४५ अंशांचे पाणी त्याला मानवते. तो तोंडावाटे पोटात जाऊन आजारी पाडत नाही. बुडबुडे फुटून जे सूक्ष्म तुषार हवेत उडतात, ते श्वासाबरोबर फुप्फुसात गेले की आजार होतो. हा न्यूमोनिया झालेल्या दहांपैकी साधारण एक रुग्ण दगावतो. पन्नाशी ओलांडलेले, धूम्रपान करणारे, मधुमेह किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेले यांना धोका जास्त. परदेशी मुलाकडे गेलेले आजोबा यांतल्या किती रकान्यांत बसतात, हे ज्याने त्याने मोजावे.

तुषारांतून होणारा आजार किती दूर पोचू शकतो, हे दोन प्रदर्शनांनी दाखवून दिले. १९९९ च्या फेब्रुवारीत नेदरलँड्समधल्या बोव्हनकार्स्पेल गावी फुलांचे मोठे प्रदर्शन भरले होते. त्याच आवारात ग्राहकोपयोगी वस्तूंचेही गाळे होते आणि एका गाळ्यावर हॉट टब चालू स्थितीत मांडलेला होता. प्रदर्शन पाहून गेलेले दीडशेहून अधिक लोक लिजिओनेलाने आजारी पडले, तिसाहून अधिक दगावले. दुसरी घटना सप्टेंबर २०१९ ची. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात ॲशव्हिल शहराजवळ भरलेल्या कृषी मेळ्यानंतर सव्वाशेहून अधिक लोकांना हा आजार झाला, चार जण मरण पावले. तपासात धागा पोचला तो विक्रीसाठी मांडलेल्या हॉट टबांपर्यंत. आजारी पडण्यासाठी कोणालाही त्या टबांत उतरावे लागले नव्हते. टबांजवळून चालत जाणे पुरले. इथे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, हे टब विकणाऱ्यांचे होते. रसायने, यंत्रे, माहिती, सगळे ज्यांच्या व्यवसायातले, त्यांच्याच पाण्यातून हे घडले. दुकानात ज्ञान असते म्हणून दुकानातले पाणी सुरक्षित असते असे नाही. ज्या पाण्याजवळ बसून त्याच घटकेला कोणी क्लोरीन मोजत नाही, ते पाणी कोणाचेही असले तरी धोक्याचेच.

‘त्याच घटकेला’ या शब्दांवर घर की दुकान या प्रश्नाचे निम्मे उत्तर अवलंबून आहे. पाण्यातल्या ज्या गोष्टी मोजतात, त्यांतल्या काही चंचल असतात आणि काही संथ. मुक्त क्लोरीन सर्वांत चंचल. बाटलीत भरल्यावरही तो त्याच पाण्यातल्या घाणीशी झगडत राहतो. बाटली पारदर्शक असेल आणि गाडीत उन्हात ठेवली असेल तर आणखी लवकर संपतो. तीन तासांनी दुकानातल्या महागड्या यंत्राने मोजलेला आकडा अगदी अचूक असेल, पण तो बाटलीतल्या पाण्याचा. टबातल्या पाण्याशी त्याचा संबंध उरलेला नसतो. उलटही घडते. सकाळी नमुना भरला तेव्हा क्लोरीन भरपूर होता, दुकानाच्या कागदावर ‘योग्य’ असा शेरा आला, आणि तो कागद फ्रिजवर चिकटवून घरातली मंडळी रात्री आठ वाजता टबात उतरली. सकाळच्या कागदाने रात्रीच्या पाण्याची हमी कशी द्यावी?

आपल्याकडे ग्रामीण भागात हे शहाणपण केव्हाच रुजलेले आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो आणि मग गावातल्या शेवटच्या टोकाच्या नळावर जाऊन ओटी टेस्ट करतो. ओटीचे थेंब टाकले की पाणी पिवळे होते आणि क्लोरीन उरला आहे हे तिथल्या तिथे कळते. जिवाणूंच्या तपासणीसाठीची बाटली वेगळी. ती प्रयोगशाळेत जाते, आणि तिच्यात आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. का, तर वाटेत क्लोरीनने जिवाणू मारत राहू नये आणि नमुना भरला त्या क्षणाची स्थिती टिकून राहावी. म्हणजे एकाच नळावरच्या दोन प्रश्नांना दोन ठिकाणी उत्तर शोधायचे, हे ठरलेले आहे. लाखो रुपयांचा टब बसवणाऱ्याने एवढे तरी जलसुरक्षकाकडून घ्यावे.

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम अवशिष्ट क्लोरीन पुरतो. हॉट टबासाठी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची, म्हणजे सीडीसीची शिफारस किमान ३ मिलिग्रॅमची आहे. क्लोरीनऐवजी ब्रोमीन वापरत असल्यास किमान ४. त्याच्या जोडीला पीएच ७.० ते ७.८ च्या दरम्यान हवा. शेतकरी ज्याला मातीचा सामू म्हणतात, तोच हा पीएच. पाण्यातला क्लोरीन दोन रूपांत असतो आणि त्यांतले एकच रूप जिवाणू मारण्यात तरबेज असते. पीएच साडेसातच्या आसपास असताना जवळपास निम्मा क्लोरीन त्या कामाच्या रूपात असतो; पीएच आठवर गेला की जेमतेम पाव उरतो. पट्टीवर क्लोरीनचा चौकोन गडद दिसतो, मालक निर्धास्त होतो, आणि पाण्यातले तीन-चतुर्थांश क्लोरीन नुसते हजेरी लावून बसलेले असते. म्हणून दोन्ही आकडे एकत्र वाचायचे असतात, आणि टबात उतरण्याआधी वाचायचे असतात. सार्वजनिक टबासाठी तर दिवसातून किमान दोनदा. हे काम दुकानाकडे सोपवताच येत नाही.

घरची तपासणी निर्दोष असते असे मात्र नाही. पट्टी ही स्वस्त आणि झटपट, पण नाजूक वस्तू आहे. ओल्या हाताने डबी उघडली, झाकण नीट लावले नाही किंवा मुदत उलटली की पट्ट्या खराब होतात, आणि कोकणातल्या जुलैच्या हवेत तर काही सांगायलाच नको. रंग जुळवायला उजेड लागतो. टबाकाठच्या निळ्या-जांभळ्या दिव्यात गुलाबी कुठला आणि जांभळा कुठला हे कोणाला कळणार? पट्टीपेक्षा थेंबांची पेटी बरी. तिच्यात डीपीडी नावाचे रसायन असते, त्याने क्लोरीन असलेले पाणी गुलाबी होते. पण तिच्यातही एक चकवा आहे. क्लोरीन फारच जास्त, दहा मिलिग्रॅमच्या पुढे गेला, तर तो डीपीडीचा गुलाबी रंगच धुऊन टाकतो आणि पाणी रंगहीन दिसते. पाहणाऱ्याला वाटते क्लोरीन शून्य आहे, आणि तो आणखी पावडर ओततो. डोळे चुरचुरणे, त्वचा जळजळणे, खोकल्याची उबळ येणे, हे मग ओघाने आलेच. आदल्या दिवशी भरपूर रसायन घातले होते आणि आज चाचणी शून्य दाखवते आहे, अशा वेळी थोड्या नमुन्यात तेवढेच साधे, क्लोरीन नसलेले पाणी मिसळून पुन्हा तपासावे. लगेच गुलाबी झाले तर काय घडले ते समजते.

पिवळा रंग देणाऱ्या ओटीची मर्यादा वेगळी. ती मुक्त आणि संयुक्त असा एकूण क्लोरीन दाखवते. घाम आणि लघवीतल्या अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला संयुक्त क्लोरीन जिवाणू मारण्यात फार दुबळा असतो. ‘क्लोरीनचा भपकन वास आला, म्हणजे पाणी स्वच्छ’ हा सार्वत्रिक समज इथेच फसतो. तो वास बहुतांशी या जोडलेल्या क्लोरीनचा, म्हणजे घाणीच्या हिशेबाचा असतो. आणि टीडीएस मीटर! शहरी घरांत पाण्याचा फिल्टर बसवायला आलेला माणूस तो बुडवून दाखवतो, त्यामुळे पाणी तपासणे म्हणजे टीडीएस असे समीकरण झाले आहे. तो मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. क्लोरीनबद्दल आणि जिवाणूंबद्दल तो काहीही सांगत नाही.

दुकानाचा उपयोग आहे तो संथ गोष्टींसाठी. पाण्याचा जडपणा, अल्कलिनिटी, तांबे-लोहासारखे धातू, सायन्युरिक ॲसिड. ही प्रमाणे काही तासांत बदलत नाहीत, बाटलीत टिकतात, आणि घरच्या पट्टीपेक्षा दुकानातले यंत्र ती जास्त नीट मोजते. आपल्याकडे बोअरवेलच्या पाण्याने भरलेल्या टबाला जडपणाची तपासणी विशेष गरजेची, कारण हीटरवर आणि नळ्यांत बसलेला क्षारांचा थर जिवाणूंना लपायला जागा देतो. सायन्युरिक ॲसिड हे उन्हात क्लोरीन टिकावा म्हणून काही पावडरींत आणि गोळ्यांत मुळातच मिसळलेले असते. उघड्या तलावात त्याचा उपयोग होतो. टबात ते साचत जाते आणि क्लोरीनचे काम मंदावते. सीडीसी हॉट टबात ते वापरू नका असेच सांगते. तलावासाठी आणलेल्या गोळ्या टबातही टाकणाऱ्या बंगल्यांनी याची नोंद घ्यावी. असा नमुना महिन्या-दोन महिन्यांनी किंवा पाणी बदलल्यावर न्यावा. स्वच्छ बाटली टबातल्याच पाण्याने दोन-तीनदा विसळायची, फवाऱ्यांपासून दूर कोपरभर खोलीवरून काठोकाठ भरायची, कापडात गुंडाळून तासा-दोन तासांत पोचवायची. कागदावर क्लोरीनचा आकडा येईल, तो सोडून द्यायचा.

आणखी एक गोष्ट उघड बोलली जात नाही. तपासणी फुकट असते आणि कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात कोणते डबे विकत घ्यावेत याची यादी असते. त्यात फसवणूकच असते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. अनेक विक्रेते प्रामाणिकपणे सल्ला देतात. पण तपासणारा आणि औषध विकणारा एकच असला की जे रोग्याच्या बाबतीत घडते, ते पाण्याच्या बाबतीतही घडू शकते. कित्येकदा खरा उपाय रसायनाचा नसतोच. पाणी उपसून टाकणे, टब आणि नळ्या घासूनपुसून धुणे, फिल्टर बदलणे आणि नवे पाणी भरणे, हा तो उपाय. तो त्या यादीत क्वचितच पहिला असतो.

जिवाणू आहेत की नाहीत, हे तर दोघांपैकी कोणालाच दिसत नाही. पट्टीला नाही, दुकानातल्या यंत्रालाही नाही. नळ्यांच्या आत बुळबुळीत थर जमलेला असतो. त्यात दडलेल्या लिजिओनेलापर्यंत क्लोरीन नीट पोचत नाही, आणि पंप चालू झाला की त्या थराचे कण पाण्यात येतात. हे शोधायला सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळाच लागते आणि लिजिओनेला वाढवून पाहायला दहा-दहा दिवस जातात. ब्रिटनमध्ये २०१७ पासूनच्या सरकारी मार्गदर्शनानुसार व्यावसायिक टबांची, सुट्टीसाठी भाड्याने दिलेल्या घरांतले टब धरून, जिवाणू तपासणी दर महिन्याला आणि लिजिओनेलाची दर तिमाहीला अपेक्षित आहे. मालकाने रोजच्या नोंदीही ठेवायच्या असतात. स्वतःच्या घरातल्या टबाला एवढे करायची गरज नाही. पण दर शनिवारी नवे दहा पाहुणे उतरवणारा लोणावळ्याचा बंगला घरगुती नाही, तो व्यवसाय आहे. तिथे केअरटेकरच्या हाती थेंबांची पेटी आणि एक वही देण्याचा खर्च एका रात्रीच्या भाड्याच्या तुलनेत किरकोळ आहे. पाहुण्यांनीही ती वही मागायला लाजू नये. वही नसेल तर पट्ट्यांची डबी आपल्या सामानात मावते, आणि पट्टी बोलली नाही तर आपण टबात उतरायचे नाही, एवढे तरी आपल्या हातात असते. टबाच्या पाण्याच्या रेषेवर हात फिरवून पाहावा. बुळबुळीत लागले तर पट्टीचीही गरज नाही. पाच वर्षांखालच्या मुलांना टबात बसवू नये, आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये.

सीडीसीने २००० ते २०१४ या काळात अमेरिकेतील तलाव, टब आणि जलक्रीडांच्या ठिकाणांहून पसरलेल्या ४९३ उद्रेकांची नोंद मांडली. त्यांत आठ मृत्यू झाले, आणि किमान सहा लिजिओनेलामुळे. हे आकडे तिथे मिळतात, कारण तिथे विचारले जाते. हा आजार संसर्गानंतर दोन ते चौदा दिवसांनी सुरू होतो. तोवर सहल संपून माणूस पुण्या-मुंबईला किंवा नाशिकला घरी परतलेला असतो. ताप, कोरडा खोकला, अंगदुखी, कधी जुलाब, कधी बरळणे. दवाखान्यात त्याची नोंद ‘न्यूमोनिया’ अशी होते आणि नेहमीची प्रतिजैविके सुरू होतात. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातली औषधे लिजिओनेलावर चालत नाहीत. ॲझिथ्रोमायसिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध लागते. गेल्या पंधरवड्यात कुठे गेला होतात, तिथे हॉट टब होता का, त्यात किंवा त्याच्या शेजारी बसला होतात का, हे डॉक्टरांनी विचारायला हवे; विचारले नाही तर रुग्णाने किंवा नातेवाइकांनी आपणहून सांगायला हवे. लघवीवरची लिजिओनेलाची झटपट चाचणी उपलब्ध आहे, पण ती या जिवाणूचा एकच प्रमुख प्रकार ओळखते. ती निगेटिव्ह आली म्हणून, टबाचा उल्लेख असलेल्या रुग्णाचे ॲझिथ्रोमायसिन थांबवू नये.